चौथा आलेख काढून टाक

"ह्या चौथ्याला वास येतोय," सर म्हणाले आणि दोन बोटांनी नाक धरलं.

हॉल हसला. मुरुडच्या एका लॉजचा हॉल. समोर पुण्याहून आलेले पाहुणे, बंदराच्या कामाचे इंजिनियर, आमच्या संस्थेची माणसं. पडद्यावर मी केलेली आकृती होती, एका पानावर चार आलेख. ट्रॉलरची मासळी, छोट्या होड्यांची मासळी, खुंटाला बांधलेल्या डोल जाळ्यांची मासळी. चौथा होता खाडीच्या चिखलात हाताने खुबे, म्हणजे शिंपल्या, वेचणाऱ्या बायकांचा.

"आणि खाली बघा. बाकीच्यांना महिने आहेत, ह्याला तिथी. अमावास्या, अष्टमी, पौर्णिमा. आम्ही हिला सांख्यिकीसाठी घेतली, ही पंचांग काढून बसली. सत्यनारायण कधी घालायचा तेवढं सांग गं."

परत हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "कोळणीची पोर आहे, चालायचंच." प्रेमानेच म्हणाला असेल.

"पुढची लाव," सर म्हणाले. मी पुढची लावली. राग आला का, तर नाही. काहीच आलं नाही. उरलेल्या स्लाइड मी एकेक करून लावत गेले, आणि चहा आला तेव्हा कपबशाही पुढे केल्या.

मी खाडीच्या पल्याडची. दिघीच्या बाजूला आमचा कोळीवाडा. आय खाडीत खुबे वेचते आणि बोर्ली पंचतनच्या बाजारात वाटे लावून विकते. त्या वाट्यांवर मी एम.एस्सी. झाले. हे सांगितलं की लोक "अरे वा" म्हणतात. मला त्या 'अरे वा'चा वीट आलाय. सरांच्या बायकोनेही अरे वा केलं होतं आणि वर विचारलं होतं, "मग तुम्हाला पापलेट स्वस्तात मिळत असेल ना गं?"

काम खाडीचं होतं. तोंडाशी साचलेला गाळ काढून ती खोल करायची, म्हणजे मोठी जहाजं आत येतील. त्याआधी अहवाल हवा, कोणाची किती मासळी जाणार त्याचा. अहवालात जो दिसेल तो बाधित. जो दिसणार नाही त्याचं काही जातच नाही. आमच्या बायकांचे खुबे नेमके त्याच गाळात आहेत. इतकं साधं आहे सगळं.

आकृती मी 'आर' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचे. चार आलेख वेगवेगळे काढायचे, प्रत्येकाला एक नाव द्यायचं, मग एका ओळीत ती नावं जोडायची. मध्ये उभी रेघ टाकली की शेजारी बसतात, तिरकी टाकली की खाली जातात. भांडत नाहीत, गुण्यागोविंदाने बसतात. मला आवडायचं ते काम.

पहिल्यांदा मी चौघांना एकच माप दिलं. तशी शिस्तच आहे, म्हणजे तुलना करता येते. ट्रॉलरची रेघ वर चढली आणि बायकांची तळाला चिकटली, अक्षाच्या रेघेवरच. घरी आयला दाखवलं.

"यात आमी कुटं हाव गो?"

मी बोट ठेवलं. तिने डोळे बारीक केले, पदराने स्क्रीन पुसली. "ही? मना वाटला कचरा लागलाय."

आणि तळाला का चिकटणार नाही? माहितीच तशी गोळा झालेली. सर्व्हेची मुलं महिन्यातून एकदा गाडी घेऊन यायची, आणि यायची ती नेमकी भांगाला. कारण उधाण असलं की आमच्या किनाऱ्याच्या रस्त्यावर पाणी चढतं. गाडी खाऱ्या पाण्यात घालायला ड्रायव्हर तयार नसायचा. उधाण येतं अवस-पुनवेला. तेव्हा भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, चिखल लांबवर उघडा पडतो आणि बायका टोपल्या घेऊन उतरतात. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. बायका घरी भाकऱ्या थापतात. मुलं रिकामा किनारा बघायची आणि लिहायची, शून्य.

आयला सांगितलं तर ती हसायलाच लागली. "भांगाला कोन जातं गो खाडीत? यांना कुनी सांगितलं न्हाय?"

कोणी विचारलंच नव्हतं तर सांगणार कोण? मी सुट्टी टाकून उधाणाला बायकांबरोबर गेले. चिखलात उभी राहून टोपल्या तोलल्या. मोसमभर तोलल्या. मग चौथा आलेख नव्याने काढला, खाली तिथी घातल्या आणि त्याला त्याचं स्वतःचं माप दिलं. अवसेला डोंगर, अष्टमीला दरी, पुनवेला परत डोंगर. महिन्यावर काढला तर हे दिसतच नाही, सगळं सपाट होतं. तोच आलेख घेऊन मी त्या हॉलमध्ये उभी होते.

मीटिंगनंतर ऑफिसातली बरोबरची मुलगी म्हणाली, "मनावर घेऊ नकोस. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये." माशाशी वैर, म्हणे! आणि सांगते कोणाला!

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याला फेरीबोटीतून उतरले आणि मुरुडच्या ऑफिसला जायला एसटी धरली. गाडीत बसून मी मनात सगळं जुळवत होते. माझी अशी समजूत होती की सर हसले कारण त्यांना कळलं नाही. भांग काय, उधाण काय, नीट सांगितलं की कळेल. एवढं शिकलेलं माणूस आहे. मी एक साधी आकृतीही काढून ठेवली होती समजावायला. मूर्ख मी.

सरांनी मला दोन वाक्यंसुद्धा बोलू दिली नाहीत.

"अगं, कळलंय मला. भांग, उधाण, सगळं. तुझा आलेख बरोबरच आहे."

"मग सर?"

"म्हणूनच तो काढून टाक. तो राहिला तर काम अडेल. तीन ठेव, आकृती सुटसुटीत दिसते. पेपर निघेल तेव्हा तुझं नाव घालू. तुझं भलंच बघतोय मी."

मी "बरं सर" म्हटलं आणि जागेवर येऊन बसले.

काढणं म्हणजे काय, त्या एका ओळीतून चौथं नाव खोडायचं. मी खोडलं आणि बटण दाबलं. मला वाटलं होतं तिथे भोक पडेल, पाव पान तरी पांढरं राहील. नाही पडत. तो गेला की उरलेले तीन आपोआप पसरतात आणि जागा भरून टाकतात. खालचा तर एकटाच ऐसपैस मांडी घालून बसला. सॉफ्टवेअरचा काही दोष नाही, ते तसंच बनवलंय. आकृती खरंच सुटसुटीत दिसत होती. चांगली दिसत होती.

अशी किती पानं मी आजवर वाचली. भरलेली, नेटकी. परीक्षेत लिहिली, मार्क मिळवले. इथून कुणाला उठवलंय का, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आणि आता उठवणारा हात माझा होता, उठणारी माझी आय. सरांना सगळं कळलेलं होतं. हॉलमध्ये नाक धरलं तेव्हाही कळलेलंच होतं. मग मी कुणाला काय समजावणार होते?

मी चौथं नाव परत घातलं आणि त्यांच्या खोलीत गेले.

"सर, चारच जातील."

"काय?"

"तीनची आकृती मी देणार नाही."

त्यांनी चष्मा काढला. "नाकापेक्षा मोती जड झालाय. तुम्हा लोकांना वर आणायचं आणि..." मग म्हणाले, "दुसऱ्याकडून करून घेईन. दोन मिनिटांचं काम आहे."

"व्हय सर," मी म्हणाले. त्या ऑफिसात माझ्या तोंडून कधी व्हय निघालं नव्हतं. "दोनच मिनिटांचं आहे. पण ते माझ्या हातून होणार नाही."

ओळखपत्र टेबलावर ठेवलं. पायऱ्या उतरले, स्टँडवर एसटी लागलेली होती, बसले.

अहवाल गेला. तीन आलेखांचा गेला. बरोबरच्या मुलीने करून दिला, तिचं घर तिच्या पगारावर चालतं. मी तिला बोल लावत नाही.

घरी शाबासकी मिळाली असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. आय कडाडली. "आमच्यासाटी कुनी सांगितला हुता तुला? खुबे आज हायत, उद्या न्हाय. पगार हुता तो!" ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिचंही खरंच आहे.

संस्थेकडून निरोप आला. माहिती आमच्या मालकीची आहे, वापरलीस तर महागात पडेल. टोपल्या बायकांच्या होत्या. चिखलात पाय त्यांचे होते, वजनकाटा मी घरून नेला होता. बोर्लीला जाऊन चौथा आलेख मोठ्या कागदावर छापून आणला. एकटाच, पानभर.

आता खाडीवर जनसुनावणी आहे. सर तिथे असतील, तीन आलेख पडद्यावर असतील. मी संस्थेच्या खुर्च्यांकडे जाणार नाही, खाली बायकांत बसणार आहे. माईक नाही दिला तर तशीच बोलेन, आमच्याकडे होडीवरून हाक मारायची सवय आहे. नाव सांगेन, गाव सांगेन, जात सांगेन. डिग्री सगळ्यात शेवटी. मग कागद उघडेन.

"बसा" म्हणतील. मी बसणार नाही.