रिकामी वाटी

दाराबाहेर पायपुसण्यावर माझी स्टीलची वाटी परत आली आहे. घासूनपुसून लख्ख. आत काहीच नाही.

इथे स्पेनमधल्या बिल्बाओत लॉकडाउन लागला, तेव्हा समोरच्या दारातल्या एकट्या कार्मेनआजींना मी वाटीभर शिरा दिला. वाटी दाराशी ठेवायची, बेल दाबून मागे सरकायचं. मग आतून काठीची टकटक येई. पहिल्यांदा वाटी रिकामी परत आली, तर मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये हसत म्हटलं, "आजी, आमच्यात वाटी रिकामी परत देत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात." त्यांनी ते फारच मनावर घेतलं. कधी लिंबू, कधी दोन ऑलिव्ह, एकदा तर नुसतं शर्टाचं बटण! वर मास्कमागून, माझ्याकडूनच शिकलेल्या मराठीत ओरडायच्या, "रिकामी नाही!"

आई फोनवर विचारते, "तिकडे तुझं कोण आहे गं?" मी या वाटीचंच सांगते. माणसाने माणसाला भेटायचंच नाही म्हटल्यावर कुणी आहे याची खूण केवढी उरते? एका लिंबाएवढी.

परवा दुपारी ॲम्ब्युलन्स आमच्याच इमारतीखाली थांबली. जिन्यात बूट वाजले. दाराच्या भिंगाला डोळा लावायचा मला धीर झाला नाही.

विसरल्या असतील, असं मघापासून स्वतःला बजावते आहे. शेवटी वाटीत साखर घातली, समोरच्या दाराशी ठेवली, बेल दाबली आणि मागे सरकले.

आतून पावलं येताहेत. भराभर. काठीचा आवाज नाही.