पुढे कोणीतरी हवं

मैदानावर तिला सगळे सावली म्हणत. हे लाडाचं नाव होतं असं ज्याला वाटत असेल त्याने पंधराशे मीटर पळून दर वेळी दुसरं येऊन बघावं. शाळेत दुसरी, कॉलेजात दुसरी, क्लबच्या स्पर्धांमध्येही दुसरी. पुढे नेहमी तीच एक उंच, लांब पायांची पोर आणि तिच्या उजव्या खांद्यामागे ही चिकटलेली. कडेला उभे राहून सर ओरडायचे, "पुढे जाऊ नकोस! समोरचा वारा तिला खाऊ दे, तू आडोशाला राहा. शेवटच्या वळणावर बाहेरून काढ!" सावलीने सरांचा शब्द कधी मोडला नाही. शेवटच्या वळणावर ती जीव खाऊन बाहेरून यायची, आणि ती उंच पोर मागे न बघता आणखी थोडा जोर लावायची. घरी पदकांचा डबा भरला, पण सगळी एकाच रंगाची.

मग नशिबाने काय करावं? त्या उंच पोरीचं लग्न झालं आणि वर्षभरात तिनेच आपल्या धाकट्या दिरासाठी सावलीचं स्थळ सुचवलं. "चिकाटीची मुलगी आहे," म्हणे. मुलगा भला होता, सावलीला आवडला, तिने हो म्हटलं आणि त्या घरातही दुसरी सून झाली. जिला मैदानावर अगं-तुगं केलं तिला आता "अहो जाऊबाई" म्हणायचं, अशी सासूबाईंची पहिल्याच दिवशी ताकीद. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

सावलीने बाजारातल्या एका गल्लीत कपडे दुरुस्तीचं दुकान टाकलं. पँटचे पाय आखूड करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, फाटलेलं रफू करणं. एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि कपडे घालून बघायला पडद्यामागे उभं राहण्यापुरती जागा. हात सफाईदार, तोंड मात्र फाटकं. "धुऊन पँट आटली हो," म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती टेप दाखवायची. "पँट आहे तेवढीच आहे. आत कोण वाढलंय ते बघा." तरी लोक यायचे, कारण तिने घातलेली शिवण उसवत नसे.

आणि जाऊबाई? त्यांची ऑफिसातली नोकरी, सुईशी संबंध बटण लावण्यापुरता. एक दिवस त्यांनी ब्लॉग काढला. विषय काय, तर जुने कपडे घरच्या घरी कसे दुरुस्त करावेत! नाव "जुनंच बरं". पहिली पोस्ट स्वेटरच्या कोपराला पडलेल्या भोकावर. सावलीने ती मशीनवर बसूनच वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भोक बुजवलेलं नव्हतंच, मोटेसारखं आवळून बांधलं होतं. आणि खाली बायकांची रांग लागली होती, "किती छान! किती सोप्पं!"

"अहो, या बाईला सुई धरता येत नाही," ती नवऱ्यापुढे फणकारली.

"मग तू लिही ना," नवरा म्हणाला. गरीब बिचारा, सहज बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी "पक्का टाका" नावाचा ब्लॉग सुरू झाला. पहिली पोस्ट, स्वेटरचं भोक खरोखर कसं बुजवतात. आणि हा ब्लॉग तिने शर्यतीच्या नियमांनी चालवला. आपण आधी लिहायचं नाही, वारा पुढच्याने खायचा. विषय जाऊबाईंनी शोधायचे, चुका त्यांनी करायच्या, वाचक त्यांनी गोळा करायचे, आपण खांद्यामागे. त्यांनी फाटक्या खिशावर लिहिलं की दुसऱ्या दिवशी हिचा खिसा फोटोंसकट हजर. दम लागलेला दाखवायचा नाही, म्हणून कोणाच्या कॉमेंटला उत्तर नाही. दोन्ही ब्लॉग ज्या साइटवर होते तिथे दर सोमवारी घरकामाच्या ब्लॉगांची क्रमवारी लागायची. "जुनंच बरं" पहिला, "पक्का टाका" दुसरा. समोर गिऱ्हाईक पँट धरून ताटकळायचं आणि ही दात-ओठ खात मोबाइलमध्ये बघत बसायची.

पुढे जाऊबाईंची एकदोन आठवडे पोस्ट आली नाही. बाईंना दम लागला, सावलीने ताडलं. तिने जोर केला, आणि एका सोमवारी ती पहिली आली.

तिला बक्षीस नको होतं की कौतुक नको होतं. त्या एका बाईने एकदा आपल्या तोंडाने म्हणावं, "सावली, तू पहिली," एवढंच हवं होतं. रविवारी सगळे थोरल्या दिरांकडे जेवायला जमले तेव्हा तिने वाढता वाढता विषय काढला.

"जाऊबाई, क्रमवारी बघितलीत?"

"कसली गं?"

"ब्लॉगांची. 'पक्का टाका' पहिला आला. माझा आहे तो."

"अगं बाई, तू पण लिहितेस?" जाऊबाई मनापासून खूश झाल्या. "मला पत्ताच नाही! मी तर बंद केलं. कंटाळा आला."

सावलीच्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला. "बंद? असं मध्येच?"

"मध्येच म्हणजे? शर्यत होती की काय?"

"तुम्ही माझं एकदाही वाचलं नाहीत?"

"मी कोणाचंच वाचत नव्हते गं. आपलं लिहायचं नि मोकळं व्हायचं. वाढ ना, आमटी गार होतेय."

म्हणजे ही पहिली आली ती पुढची बाई मैदान सोडून घरी गेली म्हणून! परतताना सावली वाटभर "पळपुटी, पळपुटी" करत होती.

खरी पंचाईत पुढेच झाली. तिला लिहिता येईना. हातात वीस प्रकारची कामं, डोक्यात शंभर युक्त्या, पण आधी कोणती सांगायची? चुकीचं कोणी लिहिलेलंच नाही, तर बरोबर काय लिहायचं? क्रमवारीत "पक्का टाका" घसरायला लागला, आणि सावली गिऱ्हाइकांवर खेकसायला लागली.

मग तिने जे केलं ते ऐकून शहाण्या माणसाने कपाळावर हात मारून घ्यावा. तिने दुसऱ्याच नावाने आणखी एक ब्लॉग काढला. "आळशी सुई". हेतू एकच, तिने पुढे पळायचं आणि आपण तिला हरवायचं. जाऊबाईंची पुरेपूर नक्कल, तीच बडबड, तेच वाकडे टाके, तेही मुद्दाम घातलेले. पान भरायला काहीही चालत होतं, कारण ही बया हरणारच होती. आटलेल्या पँटवाल्याची गोष्ट आली. बोलण्याच्या नादात आपलीच बाही गिऱ्हाइकाच्या कोटाला शिवून टाकली होती, तीही आली. सासूबाईंनी कोटाच्या आत चोरखिसा करून घेतला आणि पुढे तो कुठे आहे हेच विसरल्या, तेही आलं. दुसऱ्या दिवशी "पक्का टाका" येऊन आळशी सुईची बिनपाण्याने हजामत करायचा. सावलीला पुन्हा भूक लागायला लागली.

पण लोकांचं काय सांगावं! ते आळशी सुईकडेच वळले. पक्क्या टाक्याखाली एकीने लिहिलं, "ताई, त्या बिचारीच्या मागे का लागता? स्वतःचं काही लिहा की." सावलीने कात्री टेबलावर आपटली. पुढच्या सोमवारी आळशी सुई पहिली आणि पक्का टाका दुसरा. स्वतःच्याच मागे दुसरं यायचा मान तिच्याआधी कोणाला मिळाला असेल असं वाटत नाही.

रविवारी जेवणं आटोपत आली तशी जाऊबाईंनी मोबाइल काढला. "ऐका हं सगळे. एक बाई लिहिते, आळशी सुई नावाने. अशी हसवते!" आणि त्यांनी चोरखिशाची गोष्ट मोठ्याने वाचली. थोरले दीर डोळे पुसायला लागले. नवऱ्याला ठसका लागला. सासूबाई म्हणाल्या, "अस्साच खिसा माझ्याही कोटाला आहे हो."

"रोज वाचते मी हिला," जाऊबाई म्हणाल्या. "मागे तू म्हणालीस म्हणून तुझंही वाचलं. रागावू नकोस, पण तुझं नुसतं भांडण आहे गं. हिच्याकडून शीक."

सावलीच्या ओठावर आलं होतं, अहो, ती मीच. पण ते बोललं की आळशी सुईचा खेळ तिथेच खलास, आणि पुढे पुन्हा मोकळं मैदान.

"काय एवढं आहे हो तिच्यात?" ती कडाडली. "एक टाका सरळ नाही. पाडतेच तिला मी, बघा."

"तुला नाही जमायचं." जाऊबाई शांतपणे म्हणाल्या. "ती पहिलीच आहे. ती कोणाकडे बघतसुद्धा नाही."

सावलीने ताटं गोळा केली, स्वयंपाकघरात नेऊन आदळली आणि नळ पूर्ण सोडला. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईने तिला पहिली म्हटलं होतं, तेही सगळ्यांसमोर, तिच्या तोंडावर. आणि हिला साधं "कळलं का आता?" म्हणायचीही सोय नव्हती.