मी गाळत आलेली पहिली ओळ

आमच्या घरात चमत्कार कुणी मानत नाही. वडील रेल्वेत गँगमन होते. नांदुऱ्याच्या आमच्या घरी दर पौर्णिमेला ते बुद्धवंदना घ्यायचे आणि कुणी स्वप्नात दर्शन झाल्याच्या गोष्टी सांगायला लागलं की मिशीत हसून म्हणायचे, “बरं, मंग पुढं?” त्यांच्या हाताखाली वाढलेली मी, त्यामुळे आता जे सांगणार आहे ते लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. कृपा म्हणायला जीभ रेटत नाही. पण जे घडलं ते घडलं, आणि त्याला योगायोग म्हणून मोकळं व्हायलाही मन तयार नाही.

मी एका सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. औषधांच्या खोलीला प्लायवूडचं पार्टिशन टाकून केलेली माझी खोली, दोन खुर्च्या, एक टेबल, एक पंखा. अकरा वर्षं मी तिथे लोकांचं ऐकत आले. झोप न येणारे, दारू सुटत नसलेले, माहेरी परत आलेल्या मुली, परीक्षेच्या धसक्याने हातपाय गार पडणारी पोरं. प्रत्येकाला मी सांगायची, स्वतःची काळजी घ्या, वेळेवर जेवा, रडू आलं तर रडून घ्या. आणि मी स्वतः? मागच्या हिवाळ्यात वडील गेले, तर चौथ्या दिवशी मी खुर्चीत हजर. त्यांच्या जलदानविधीला, म्हणजे दिवसकार्याला, घर माणसांनी भरलेलं असताना मी चहाच्या कपांचा हिशोब लावत होते. लोक म्हणाले, बाई मोठी खंबीर आहे. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू? डोळ्यांतून टिपूस आलं नाही याचा मला चक्क अभिमान वाटला होता.

त्यानंतर काहीतरी बिघडलं होतं, पण ते माझ्या लक्षात यायला तयार नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या सिस्टर एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या, “मॅडम, राग नका मानू, पन आज तुमी पाच जनाईले एकच वाक्य बोलल्या.” मी त्यांच्यावर उखडले. “पार्टिशनला कान लावून बसता का?” असं काहीबाही बोलले. त्या बिचाऱ्या डबा घेऊन उठून गेल्या. ते वाक्य होतं, “मी समजू शकते.”

तेच वाक्य मी सविताला ऐकवलं. सविता हे तिचं खरं नाव नव्हे. सव्वीस वर्षांची, वरवट बकालच्या पुढच्या एका खेड्यातली. दिवस भरले होते आणि बाळ पोटातच गेलं. तेव्हापासून ती जेवत नव्हती, बोलत नव्हती, एकदा विहिरीच्या काठावर नुसती बसलेली सापडली होती. तिची नणंद तिला घेऊन यायची आणि बाहेर बाकावर थांबायची. पहिल्या दोन बुधवारी सविता माझ्यासमोर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली. तिसऱ्या बुधवारी तिने मान वर केली. ओठ हलले. “बाईजी, मी ना त्याले...” एवढंच म्हणाली आणि थांबली. थांबायचंच होतं तिला, शब्द गोळा करायचे होते. मला एवढं साधं कळायला हवं होतं. पण त्या क्षणी माझ्याच छातीत काहीतरी वर यायला लागलं, मला घाबरल्यासारखं झालं, आणि मी घाईघाईने म्हणाले, “मी समजू शकते. आपण आता एक श्वासाचा व्यायाम करू.” तिने व्यायाम केला. शहाण्या मुलीसारखा, मी सांगितला तसा केला. चौथ्या बुधवारी ती आली नाही. पाचव्याही नाही.

माझा जीव टांगणीला लागला.  तिची ती विहीर डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी एका पौर्णिमेच्या सुट्टीला मी ठरवलं, तिच्या घरी जायचं. केसपेपरवर पत्ता होता. माणसाने होकार दिल्याशिवाय त्याच्या दारात जायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. नव्या मुलींना तो मीच शिकवते. पण त्या दिवशी मी स्वतःला समजावलं की जीव वाचवायचा असेल तर नियम कसले! नांदुऱ्याहून जळगाव जामोद, तिथून वरवट बकाल. उतरले तेव्हा दुपारचे तीन वाजत होते आणि पुढच्या खेड्याची गाडी तासाभराने होती. ऊन मी म्हणत होतं. रस्त्याला लागूनच एक छोटं बुद्धविहार दिसलं, पांढऱ्या चुन्याचं, समोर बदामाचं झाड. मी सावलीला जाऊन बसले.

आतून साठी ओलांडलेली एक बाई आली. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, हातात पाण्याचा तांब्या. “घे माय, आधी पानी पे.” मी पाणी प्यायले. “कोनाकडे चालली?” तिने विचारलं. मी म्हणाले, “कामानं.” माझा आवाज तुटक आला असणार. तिने पुन्हा विचारलं नाही. ही गोष्ट मला आज जास्त थोर वाटते. खेड्यात नवखी बाई दिसली की सात पिढ्यांची चौकशी होते, आणि ही बाई एका शब्दावर थांबली. “गाडीले टाइम हाय. वंदना होऊन राह्यली, बस आमच्यात,” एवढंच म्हणाली.

तिला सगळे सुमनमावशी म्हणत. तीस वर्षं अंगणवाडीत काढलेली. आत पाच-सहा बाया बसल्या होत्या. वंदना झाली, मग मैत्री भावना. सगळ्या प्राण्यांचं भलं व्हावं म्हणून मनात चांगली इच्छा धरायची, ती ही भावना. लहानपणापासून मला पाठ आहे. पण तिथली रीत वेगळी होती. प्रत्येक बाईने आपल्या शब्दांत मोठ्याने म्हणायचं. आधी स्वतःसाठी, मग घरच्यांसाठी, मग शेजारपाजाऱ्यांसाठी, आणि शेवटी ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्यासाठी. एकीने तर जावेचं नाव घेऊन असा आवंढा गिळला की बाकीच्या हसू दाबत राहिल्या. माझी पाळी आली. मी डोळे मिटले आणि सराईतपणे सुरू केलं, “माझी आई सुखी होवो, माझ्याकडे येणारी माणसं सुखी होवोत...”

“थांब माय,” मावशी म्हणाली. “तू सोताले गाळलं.”

मी हसून म्हणाले, “राहिलं मावशी, सवयीनं.”

“सवयीनं काऊन वं? पह्यली ओळ तं तेच हाय. म्हन.”

आता काय ती तीन शब्दांची ओळ. मी सुखी होवो. समोर मूर्ती, बाजूला अनोळखी बाया, खिडकीतून येणारी गरम झुळूक. मी तोंड उघडलं, आणि “मी” म्हणाले, आणि पुढचं येईना. पुन्हा म्हणाले, “मी...” आणि बांध फुटला. वडील आठवले. पहाटे रुळावरून चालून आल्यावर पायरीवर बसून बूट झटकणारे माझे बाबा गेले, आणि मी एकदाही त्यांच्यासाठी रडले नव्हते! मी हंबरडा फोडला. लाज गेली, नोकरी-पदवीचं भान गेलं; मी लहान पोरीसारखी रडत होते. कुणी उगी उगी केलं नाही, कुणी का म्हणून विचारलं नाही. मावशीने फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. माझी गाडी. मी उठायला गेले, तर ती म्हणाली, “जाऊ दे तिले.” गाडी गेली. त्या खेड्याला त्यानंतर गाडी नव्हती.

बाया पांगल्यावर आम्ही दोघी बदामाच्या सावलीत बसलो. मी तिला एवढंच सांगितलं की माझं काम दुखणाऱ्या माणसांजवळ बसायचं आहे आणि ते आता मला जमेनासं झालंय. ती म्हणाली, “मी बी तेच करतो. गावात कोनाचं मयत झालं का जाऊन बसतो. बोलत नाही काही.” चाळीस वर्षं ती हे करत आलीये. मग तिने तिची रीत सांगितली. मयताच्या घरून आली की ती हातपाय धुते, ओट्यावर एकटी बसते आणि आपल्या मनात काय काय उठतंय ते बघत राहते. स्वतःचं कुणी आठवलं तर रडून घेते. तेवढा वेळ घरात कुणी तिला हाक मारत नाही. नवरा होता तोवर तो दारात आलेल्या माणसाला सांगायचा, “थांबा जरा, आमची बाई सोताच्या भेटीले गेली.”

“असं नाही केलं तं काय होईन?” मी विचारलं.

“दुसऱ्याचं दुख ठेवाले जागा लागते, माय. तुह्या पोटात तुह्यंच गच्च भरलं असन, तं तिचं कुठं ठेवशीन?”

 तिने “तिचं” म्हटलं होतं. मी कुणा बाईचा विषय काढलाच नव्हता. सहज बोलून गेली असेल, बायांमधेच बसणारी ती. पण माझ्या अंगावर काटा आला, तो आला. अकरा वर्षांत मी कितीतरी शिबिरं केली, वह्या भरल्या; ही बाई ते सगळं ओट्यावर बसून जगत होती. मी तिच्या पायांवर डोकं टेकवायला वाकले तर तिने मला धरून उभं केलं. “मले नाही, आत जाय,” म्हणाली.

सोमवारी मी रजेचा अर्ज दिला. अकरा वर्षांतली पहिली लांब रजा, दहा दिवसांची. आई आणि मी ज्वारी निवडत बसायचो आणि बाबांच्या गोष्टी काढून हसायचो, रडायचो. परत कामावर आले तेव्हा आधी सिस्टरची माफी मागितली. “तुमाले समजलं हेच लय झालं,” असं म्हणून त्यांनी मला डब्यातली शेंगदाण्याची चटणी वाढली. बुलढाण्याच्या एका ज्येष्ठ समुपदेशक बाईंकडे महिन्यातून एकदा जाऊन माझं मन मोकळं करायला लागले. हे मी किती वर्षं टाळलं होतं! एक माणूस उठून गेला की दार लावून तीन मिनिटं नुसती बसते. मग पुढच्याला बोलावते. बोलणं माझं निम्म्यावर आलंय, आणि लोक मात्र आधीपेक्षा जास्त बोलतात. सविताची काळजी होतीच. रोज होती. पण तिच्यामागे धावण्याची ती धडपड निवली होती.

दोन महिने होत आले असतील. बुधवारी अकराच्या सुमाराला दार लोटून सविता आत आली. एकटी. मी खुर्ची तिच्याकडे सरकवली. शंभर गोष्टी ओठांवर आल्या, त्या मी गिळल्या. एवढंच म्हणाले, “मागच्या वेळी तुम्ही काही सांगत होता आणि मी मधेच बोलले. माझं चुकलं.” ती माझ्याकडे बघत राहिली. पंखा फिरत होता. मी थांबले.  पदर तिच्या बोटाला गुंडाळला जात होता आणि सुटत होता.

“मी ना त्याले पाह्यलंच नाही, बाईजी,” ती म्हणाली. “दाखवलंच नाही मले. पन नाव ठेवलं होतं मी त्याचं. कोनाले सांगतलं नाही.” आणि तिने ते नाव घेतलं. घेतलं, आणि मग पुन्हा घेतलं, हाक मारावी तसं. ते नाव मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. माझे डोळे भरून आले. मी ते लपवले नाहीत आणि जागची हललेही नाही.

“तुमी रडून राह्यल्या,” ती म्हणाली.

“हो.”

“मंग मोठंच हाय ना माह्यं दुख? सगळे म्हनतात दुसरं होईन. तुमी बी त्या दिवशी मले मधीच थांबवलं. मले वाटलं मीच उगी कवटाळून बसली.”

“मोठंच आहे,” मी म्हणाले. मग ती रडली. बाळ गेल्यापासून पहिल्यांदा.

जाताना मी विचारलं, पुढच्या वेळची आठवण करायला फोन करू का? ती एकदम दचकली. “नका करू बाईजी! घरी मी रक्त वाढाच्या गोळ्या घ्याले जातो म्हनून सांगतो. नंदेले तेवढं मालूम हाय. दवाखान्यातलं कोनी एक दिवस जरी दारात आलं असतं ना, तं सासूनं मले पुन्हा उंबरा ओलांडू देला नसता. मंग मी काय केलं असतं, मलेच मालूम नाही.” दारात थांबून म्हणाली, “येतो मी बुधवारी.” आणि गेली.

मला ती पौर्णिमा आठवली. तिचा पत्ता घेऊन, उन्हातून, दोन गाड्या बदलून मी निघाले होते. तासाभरात मी तिच्या दारात असते. एक तांब्या पाणी, एक गाळलेली ओळ, आणि हातची गेलेली एक गाडी, एवढंच मधे आलं. वंदनेतले शरण जायचे शब्द मी जन्मापासून म्हणत आले, पण सगळं माझ्याच हातात आहे हा हट्ट कधी सोडला नव्हता. आता रोज सकाळी खोलीचं दार उघडण्याआधी तो सोडून पाहते. कधी सुटतो, कधी नाही. मी तिला वाचवायला निघाले होते, आणि वाटेत कुणीतरी तिला माझ्यापासून वाचवलं. कुणी, ते मी विचारत नाही. हात जोडते.