सोमवारच्या गोळ्या

आईला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा आमच्या युसूफ वडगाव या गावात एसटीडी बूथ नुकतंच आलं होतं. तिथेच पुण्याच्या डॉक्टरांचा निरोप मिळाला. जुनी औषधं लागू पडेनात, पण एका नव्या गोळीची चाचणी सुरू आहे, आईला तीत घेता येईल. रोज सकाळी जेवणानंतर एक गोळी. सुई नाही, सलाइन नाही. मी बूथमध्येच रडले.

आईनं चाचणीच्या कागदांवर सही केली आणि घरी येताच, गोळीचा गुण यावा म्हणून सोळा सोमवार धरले. दिवसभर पाणीसुद्धा नाही, संध्याकाळी पूजा झाली की चुरमा. महिनाअखेरीला बाटलीत चार गोळ्या उरलेल्या दिसल्या.

"सोमवारच्या हायत्या," ती म्हणाली. "सोमवार महादेवाचा. बाकीचे सहा दिस तुज्या डॉक्टरचे."

मी भांडले, दोन दिवस अबोला धरला. एवढी हट्टी बाई अख्ख्या केज तालुक्यात नसेल.

पुण्याला दर महिन्याला बाटली परत द्यावी लागे आणि उरलेल्या गोळ्या नर्स मोजून घेई. गोळ्या चुकलेल्या दिसल्या तर आईला चाचणीतून काढतील, या धास्तीनं मी त्या चार गोळ्या मोरीत टाकल्या. मग दर महिन्याला टाकत गेले. डॉक्टर विचारायचे, "एखादी गोळी चुकली का?" आई शांतपणे "न्हाई" म्हणायची. तिच्या लेखी सोमवार म्हणजे चुकणं नव्हतंच. मला मात्र सगळं कळत होतं.

सोळा संपले, तिनं पुन्हा सोळा धरले. आधी सुधारलेलं रक्त हळूहळू बिघडत गेलं. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "एकही गोळी चुकवली नाही, तरी गुण नाही. हे औषध त्यांना लागू पडत नाही. आता थांबवू या."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. माझी जीभ रेटली नाही. स्वतःची इतकी चीड मला पुन्हा कधी आली नाही.

परतीच्या एसटीत, आष्टी मागं पडल्यावर आई म्हणाली, "माज्याच सोमवारात कायतरी चुकलं आसंल गं."

मी तिचा हात धरला. पुढं दोनच महिन्यांत ती गेली, शेवटपर्यंत महादेवाची माफी मागत.