लेथच्या ग्रुपवर उत्तर मिळत नाही

लेथ, म्हणजे लोखंड गोल फिरवून कापायचं मशीन, चालू असला की खाली लोखंडाच्या चिप्स साचतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी परत ढीग. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे किस्से तसेच आहेत. मी मुद्दाम गोळा करत नाही. ग्रुप चालू आहे, म्हणून साचतात.

मी सातवी शिकलो. भोसरीत टर्नर म्हणून आयुष्य काढलं. रिटायर होऊन तळवड्याच्या घरी बसलो तरी चाकण-तळवड्याच्या वर्कशॉपमधली शिकाऊ मंडळी फोन करून अडचणी विचारायची. उत्तर सांगितलं की काम व्हायचं. दुसऱ्या दिवशी जॉब, म्हणजे मशीनवर कापायची वस्तू, बदलला की परत फोन! म्हणून ग्रुप काढायचा ठरवला. नियम एकच. उत्तर मिळणार नाही. मशीनवर काय बघितलं ते लिहायचं, स्वतःला काय वाटतं ते लिहायचं. मग मी प्रश्न विचारणार. पटत नसेल त्याने बाहेर पडावं.

*

नियम माझा, पण पहिला फटका मलाच बसला. ग्रुप कसा काढतात ते मला येत नव्हतं. सून मेघना हिंजवडीला कंपनीत आहे. तिला म्हटलं, "एवढं करून दे."

फोन माझ्याच हातात ठेवून ती म्हणाली, "बाबा, स्क्रीनवर काय काय दिसतंय?"

"तू बघ ना. तुला येतं."

"मला येतं हो. पण ग्रुप कुणाला काढायचाय?"

मला राग आला. त्या रागातच ग्रुप काढला. पहिली मेंबर तिलाच केली!

*

पहिल्याच दिवशी अक्षयचा मेसेज. हा चाकणच्या एका छोट्या शॉपमध्ये नवीन लागलेला. जॉबचा फोटो, खाली लिहिलेलं, "काका, माप चुकतंय. अर्जंट. उत्तर सांगा."

मी लिहिलं, "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तुम्ही सांगावं!"

मी फोन ठेवून चहा प्यायलो. शेवटी त्याने नीट लिहिलं. लांब रॉड एका बाजूने चकमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या जबड्यात, धरलाय. चकजवळ माप बरोबर येतं, मोकळ्या टोकाला रॉड जाड राहतो.

मी विचारलं, "मोकळं टोक बोटाने ढकल. हलतं का?"

"काका, लोखंड आहे ते. माझ्या बोटाने हलेल का?"

"तुझ्या बोटाचं राहू दे. कापणारा टूल किती जोरात ढकलतो?"

मग फोटो आला. त्याने मोकळ्या टोकाला सेंटरचा, म्हणजे समोरच्या टोकदार खुंटीचा, आधार दिला होता. खाली लिहिलं होतं, "काका, रॉड टूलला घाबरून मागे सरकत होता!"

*

पुढे अक्षय हुशार झाला. माझ्या प्रश्नाला मोबाईलमधल्या एआयकडून उत्तर घेऊन टाकलं. लांबलचक, मुद्देसूद. वाचता वाचता माझा चष्मा घसरला.

मी लिहिलं, "छान आहे. यात तुझं मशीन कुठल्या ओळीत आहे?"

"काका, त्याला माझं मशीन कसं माहीत असणार?"

"तेच विचारतोय!"

*

ग्रुपमधल्या गणेशच्या मशीनवर जॉब गुळगुळीत येत नव्हता. मशीन थरथरत होतं. मी विचारलं, "थरथर कुठून सुरू होते?" तो पहिली शिफ्ट करून घरी गेला आणि तिथेही तेच घेऊन बसला.

दुपारी त्याच्या बायकोचा फोन. "काका, हे ताटावर बसून भिंतीकडे बघतायत. भाजी गार झाली. उत्तर मला सांगा, मी त्यांना सांगणार नाही. पण जेवतील तरी!"

मी म्हणालो, "ताई, तुमचं वॉशिंग मशीन कपडे पिळताना नाचतं का?"

"नाचायचं. एक पाय टेकत नव्हता. मी खाली लाकडाची पाचर घातली."

"बरं. ठेवतो."

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर गणेशचं उत्तर आलं. शॉपमधल्या मशीनचा एक पाय फरशीला टेकतच नव्हता. शेवटी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "घरातून मदत मिळाली."

*

आता सविता. लातूरकडची. आयटीआय केलेली, पण लग्नानंतर मशीनला हात लागला नाही. चाकणला पॅकिंगवर कॉन्ट्रॅक्टमध्ये होती. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, घरात दोन मुली. तिचंही कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. दुसऱ्या एका कंपनीत लेथ ऑपरेटरची ट्रायल होती. पास झाली तर नोकरी. नाहीतर दोघंही घरी.

तिने लिहिलं, "काका, ट्रायलला कोणता जॉब देतात ते कळलंय. स्पीड किती, कट किती, सगळं लिहून द्या. मी पाठ करते."

"आणि त्यांनी जॉब बदलला तर?"

"बदलत नाहीत म्हणे."

"कोण म्हणे?"

थोड्या वेळाने सविता ग्रुपमधून बाहेर पडली.

मेघना म्हणाली, "बाबा, तिच्या घरचा प्रश्न आहे. सांगून टाका."

मी म्हणालो, "घरचा प्रश्न आहे म्हणूनच सांगत नाही."

मी निरोप पाठवला नाही. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. "काका, परत घ्या ग्रुपवर."

"राग गेला?"

"नाही गेला. पण शिकायचंय."

ओळखीच्या शॉपमध्ये सुट्टीच्या दिवशी तिला मशीन मिळवून दिलं. तिचा फोन आला की मी विचारायचो, "चालू करायच्या आधी काय बघितलंस?"

एकदा वैतागली. "काका, तुम्ही तेच तेच विचारता!"

"मशीनही तेच तेच करतं."

ट्रायलच्या दिवशी मी फोन खिशात घेऊन बसलो. दुपार टळल्यावर तिचा फोन आला. जॉब बदलला होता! पाठ केलेला कुणाच्याच कामाला आला नाही. तिच्या आधीच्यांनी गेल्या गेल्या मशीन चालू केलं आणि जॉब खराब केले. ही हात मागे घेऊन उभी राहिली.

सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, मशीन बघायला आलात की चालवायला?"

"बघायलेय साहेब."

तो घड्याळ बघत राहिला. ही टूल बघत राहिली. टूलचं टोक जॉबच्या बरोबर मधोमध लागायला पाहिजे. ते खाली बांधलेलं होतं.

ती म्हणाली, "साहेब, हा टूल चुकून खाली बांधलाय, का मुद्दाम?"

सुपरवायझरने पाना तिच्या हातात दिला. तिने टूल सोडला, वर घेऊन बांधला, मग मशीन चालू केलं. जॉब मापात आला. त्याने तो दोनदा मोजला आणि म्हणाला, "सोमवारपासून या. पण हे आधी बघायचं, असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

सविता म्हणाली, "तळवड्याचे एक काका आहेत. ते कधीच काही सांगत नाहीत!"