सदाभाऊंना मरायला सवड नव्हती

रक्त तपासायला आले की सदाभाऊ सुईकडे बघायचे नाहीत, माझ्या तोंडाकडे बघायचे. मग म्हणायचे, "बाई, मले सध्या मराले सवड नाई. तेवढं सांभाळून घ्या." सावली गावातल्या एका दवाखान्यात मी रक्त तपासते. असा पेशंट मी हा एकच पाहिला.

भाऊ झाडीपट्टीतले नाटककार. रडकी नाटकं सगळेच लिहितात म्हणून त्यांनी रक्त पिणाऱ्या बाईचं नाटक लिहिलं. ती तळ्याकाठी एकटी राहते, लंगडत चालते, पानानं तिचे ओठ कायम लाल. तिच्या हातचं खाईल तो पांढरा पडत जातो. शेवटी देवीचा प्रसाद तोंडात पडताच ती मरते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरतात, त्या दिवसांत नाटकाने धुमाकूळ घातला.

घोळ एवढाच झाला, की ते तळं, ते लंगडणं, ते लाल ओठ भाऊंनी आपल्याच गावच्या तानाबाईचे उचलले होते. तानाबाई मासे विकून पोट भरणारी विधवा. आमच्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार घरोघरी आहे, पोरं त्यानं पांढरी पडतात. त्या वर्षी गावातली दोन पोरं गेली आणि लोकांना नाटक आठवलं. तिचे मासे कुणी घेईना. दारात आधी लिंबं पडली, मग दगड. तानाबाई घराबाहेर पडेनाशी झाली.

भाऊ चौकात जाऊन ओरडले, "अरे, ते मी लिवलं! माह्या डोस्क्यातून काढलं!"

एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "अन् तुह्या डोस्क्यात कोणं टाकलं? मातेनंच ना?"

भाऊ स्वतः मातेचे मोठे भक्त. त्यांनी तानाबाईला देवळात नेऊन सगळ्यांसमोर प्रसाद खाऊ घातला. लोक म्हणाले, प्रसाद खाऊनही जिवंत आहे, म्हणजे ही नाटकातलीपेक्षा जबर. त्या दिवशी दवाखान्यात येऊन भाऊ बाकावर मटकन बसले. "बाई, मी या नाटकाले भायेर निघाचं दारच ठेवलं नाई."

मग त्यांनी एकच धरलं. रोज दुपारी तानाबाईच्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून, तिच्या हातचा भात आणि माशाचं कालवण खायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची, "पाह्य रे, कसा ठणठणीत हाओ!" पाच-सहा वर्षं हे चाललं. दोन-चार घरं पुन्हा मासे घेऊ लागली.

आणि नेमकं भाऊंचंच रक्त उतरायला लागलं. किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी नागपूरला भरती व्हायला सांगितलं तर म्हणाले, "मी चार दिवस दिसलो नाई तं लोक काय म्हणतीन?" नाटकाच्या पेटीतला गुलाबी रंग गालांना चोळून ते ओट्यावर जाऊन बसत. मला त्यांचा भयंकर राग यायचा. अजूनही येतो. पण एवढ्या प्रामाणिकपणे आपली चूक निस्तरणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांनी वचन घेतलं होतं म्हणून तिरडीपाशी उभी राहून मी त्यांचा रिपोर्ट मोठ्यानं वाचला. आजार कधीचा, किडन्या कशा गेल्या, रक्त त्यामुळे कसं उतरलं, सगळं सांगितलं. लोकांनी नीट ऐकून घेतलं. मग एक बाई पुढे येऊन हळूच म्हणाली, "म्हणजे रक्त कमीच झालं होतं ना, म्याडम?"

आता दर रविवारी मी तानाबाईच्या ओट्यावर जेवते. पहिल्या दिवशी तिनं ताट मागे ओढलं. "नोका खाऊ, बाई. उद्या तुमाले काई झालं तं मी कुठी जाऊ?" मी ताट पुन्हा पुढ्यात घेतलं आणि रस्त्याकडे तोंड केलं.

गेल्या रविवारी अंगात ताप होता. घरी पडून राहावं असं फार वाटलं. पण निघाले, आणि निघताना आरशासमोर उभं राहून दोन्ही गालांना थोडा रंग लावला.