हौशाची झूल

शिनोलीच्या जानकाबाईनं ट्रॅक्टरला कधी ट्रॅक्टर म्हटलं नाही. "त्याला सावलीला लाव", "आज त्याला लई पळवलंस", असंच तिचं चालायचं. नवख्या पाहुण्याला वाटावं, घरात कुणी अबोल दीर राहतोय. मुलगा राजरत्न वैतागायचा. "आई, ते मशीन हाय. त्याला जीव न्हाय." बाई म्हणायची, "मंग तू रोज सकाळी त्याच्यासंगं येवढं काय बोलतोस?" आणि राजरत्न गप्प बसायचा, कारण थंडीत स्टार्टर लागेना की तो ट्रॅक्टरशी जे बोलायचा ते आईपुढं पुन्हा उच्चारण्यासारखं नसायचं.

त्याआधी या घरात बैल होते, हौशा आणि गुलब्या. जानकाबाईचा नवरा तुळशीदास होता तोवर ट्रॅक्टरचं नाव काढलेलंही त्याला खपत नसे. मग गुलब्या म्हातारपणानं गेला, हौशाला लम्पीनं नेलं आणि पाठोपाठ तुळशीदासही गेला. रिकाम्या गोठ्यात राजरत्ननं ट्रॅक्टर आणून उभा केला. जानकाबाई काही दिवस तिकडं फिरकलीच नाही. मग एका सकाळी शेणकुटं आणायच्या निमित्तानं गेली आणि जाता जाता बॉनेटवर हात ठेवला. ऊन लागून ते कोमट झालं होतं, जनावराच्या पाठीसारखं. तेवढ्यानं तिचं मन वळलं. माणसाचं मन वळायला फार मोठं कारण लागतं असं काही नाही.

या घरात देव्हारा नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, पौर्णिमेला विहारात वंदना, आणि पंचशील जानकाबाईला झोपेतसुद्धा पाठ. पण भादवी पोळा ती कधी चुकवायची नाही. एकदा वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी तिला त्यावरून टोकलं, तर म्हणाली, "देव म्हून न्हाय रं. ज्याच्या जिवावर खाल्लं त्याला एक दिस पुरणपोळी घालायची, त्यात देव कुठनं आला?" पोरं निमूटपणे पोळी खाऊन गेली. पोळ्याच्या आदल्या सांजेला ती बैलांचे खांदे हळद-तुपानं मळायची, आणि पोळ्याला हौशाच्या अंगावर झूल चढवायची. ती झूल तिनं एका पावसाळ्यात स्वतः शिवली होती. निळं जाड कापड, आरशाची भिंगं, कडेला गोंडे. तुळशीदास गमतीनं म्हणायचा, "येवढं नटवून मला कधी वेशीत न्हेलं न्हाईस." हौशा गेल्यावर ती झूल पेटीच्या तळाशी गेली.

यंदा ती वर आली. राजरत्ननं ट्रॅक्टर धुतला, झेंडूच्या माळा घातल्या, तेव्हा बाई घरातून झूल घेऊन आली आणि बॉनेटवर पसरली. राजरत्न हसला, पण आईचा चेहरा पाहून त्यानं झेंडूच्या माळा झुलीवर नीट लावून दिल्या. मिरवणुकीत आपला बैल कितव्या नंबरला, या प्रश्नावर या घराच्या आधीच्या पिढ्यांनी बरंच काही गिळलेलं होतं. आता नंबर कुणी विचारत नाही, ज्याचा डीजे मोठा तो पुढं. जानकाबाईला मात्र त्या दिवशी आपला 'तो' देखणा दिसावा असं फार वाटत होतं. वेशीपाशी झूल एका बाजूला घसरू लागली, म्हणून ती गर्दीतून पुढं घुसली, झूल ट्रॅक्टरच्या तोंडावरून खाली ओढली आणि सुताच्या दोरीनं बंपरला करकचून बांधली. राजरत्न स्टेअरिंगवर होता. पुढचं त्याला काय दिसणार! आणि इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या समोरच्या काट्यावर तर झेंडूच लोंबत होता.

मिरवणूक मुंगीच्या पावलानं चालली. चावडीपाशी पोचता पोचता ट्रॅक्टरच्या नाकाडातून वाफेचा लोट उठला, खाडकन काहीतरी सुटलं आणि इंजिन बंद पडलं. लोक मागं पळाले, जानकाबाई पुढं धावली. झूल जळेल या एकाच भीतीनं तिनं दोरी हिसडून झूल काढली आणि उराशी धरली. राजरत्न खाली उतरून पुढं आला तेव्हा त्याला दिसला तो निसटून लोंबणारा होज पाइप, पाणी गळत असलेला. "जुबेरनं क्लिप ढिली सोडली," तो म्हणाला, आणि त्या क्षणापासून त्यानं दुसरा विचार केला नाही.

जुबेर जुन्नरचा. मंचरजवळ हायवेला ज्या शोरूममधून ट्रॅक्टर घेतला, तिथला मेकॅनिक. चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा. पोळ्याच्या आधीच्याच आठवड्यात सर्व्हिसिंगला नेलेल्या ट्रॅक्टरला त्यानं नवा पाइप बसवला होता, त्यामुळं राजरत्नच्या संशयाला आधार होता. उन्हाळ्यात शेतात ट्रॅक्टर अडला तेव्हा हाच जुबेर बांधावर बसून जानकाबाईच्या हातचं पिठलं-भाकरी खाऊन गेला होता. जाताना त्यानं पुढच्या जाळीत अडकलेला भुसा बोटांनी काढला आणि म्हणाला होता, "मावशी, ह्याचं तोंड मोकळं ठिवत जा. ह्यो तोंडानंच दम घेतो." बाईला ते फार पटलं होतं. बैलवाल्या बाईला ते पटणारच.

पोळ्याच्या संध्याकाळी झूल घडी करायला तिनं उलटी केली आणि तिचे हात थांबले. आतल्या अस्तरावर जाळीचे चौकोन उमटले होते, काळे, ठसठशीत. मधलं कापड आत ओढलं जाऊन करपलं होतं. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हौशाला पिकात मुसकं बांधायची वेळ यायची तेव्हासुद्धा ती नाकपुड्यांजवळ बोट घालून पाहायची, दम नीट घेतोय ना म्हणून. आणि याचं तोंड तिनं दोरीनं आवळलं होतं. तिला रडू आलं. ते कुणासाठी होतं, हौशासाठी की याच्यासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

पण ती बोलली नाही. वॉरंटी आखाडातच सरली होती. खर्च अंगावर पडला तर पडवीवर स्लॅब टाकायचा बेत बारगळणार होता. त्यात राजरत्ननं गावभर सांगून टाकलं होतं, की शोरूमवाल्यांची चूक मी त्यांच्या तोंडानं वदवून घेतो. पोराचं तोंड कसं पाडायचं? तिनं झूल पेटीत घातली, झाकण लावलं आणि तोंडालाही कुलूप लावलं.

ट्रॅक्टर ओढून शोरूमला नेला होता, तिथून बोलावणं आलं. ट्रॅक्टर कागदोपत्री जानकाबाईच्या नावावर, म्हणून सहीला तिलाही जावं लागलं. निघताना तिनं पेटी उघडली आणि झूल पिशवीत कोंबली. राजरत्ननं विचारलं, "ह्ये कशाला?" "आसू दे," ती म्हणाली. का घेतली, हे तिचं तिलाच अजून ठरवायचं होतं.

सर्व्हिस मॅनेजर सुदर्शन काचेच्या केबिनमध्ये बसला होता. माणूस वाईट नव्हता. रोज दहाजणांचं ऐकून त्याचा आवाज गुळगुळीत झाला होता, इतकंच. त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, "इंजिन तापून त्याचं हेड वाकलंय, राजरत्नभाऊ. गास्केट तर गेलंच. वॉरंटी संपलेली आहे, ते तुम्हालाही माहितीय."

"पाइप तुमच्या माणसानं बसवला व्हता," राजरत्न म्हणाला. "वॉरंटीचं मला सांगू नका. तुमच्या हातानं बिघाडलं, तुमी निस्तरा. न्हायतर मी ग्राहक मंचात जातो."

सुदर्शननं थोडा विचार केला. "ठीक आहे. आमच्या माणसाकडून क्लिप सैल राहिली असेल, तर सगळं काम आम्ही फुकट करून देऊ. माझा शब्द. मग त्या माणसाला कामावर ठेवायचं की नाही, ते आमचं आम्ही बघू." आणि त्यानं जुबेरला हाक मारली.

जुबेर हात पुसत आला. जानकाबाईला पाहून "मावशी" म्हणाला आणि दारातच उभा राहिला.

"जुबेर, क्लिप आवळली होतीस?"

"आवळली व्हती, सायेब."

"नक्की? आठवतंय?"

जुबेर आपल्या हातांकडं पाहू लागला. उजव्या हाताची बोटं त्यानं हवेतच पान्हा फिरवल्यासारखी हलवली, पुन्हा हलवली. "दरयेळी आवळतो," तो हळू म्हणाला. "त्या दिशी गर्दी लई व्हती. आता मलाबी खात्री वाटंना."

"बगा!" राजरत्न उसळून म्हणाला. "त्यो सवता कबूल करतोय!"

सुदर्शननं पेन उचललं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, चहा पीत पीत होते. जानकाबाईला पडवीचा स्लॅब दिसला, पोराचा जिंकलेला चेहरा दिसला, आणि दारात स्वतःच्याच हातांकडं परक्यासारखा पाहणारा जुबेर दिसला. गेल्या पौर्णिमेला विहारात खोटं न बोलण्याचं चौथं शील म्हणताना तिचा आवाज बसला होता आणि शेजारणीनं विचारलं होतं, सर्दी झाली का म्हणून. तिनं पिशवीत हात घातला.

झूल तिनं टेबलावर उलटी पसरली. चहाचा कप आडवा झाला तरी ती थांबली नाही. "जुबेरकडनं काय झालं न्हाय," ती म्हणाली. "म्या ट्रॅक्टरचं तोंड बांधलं व्हतं. ही बगा जाळी उमटल्याली. त्यो आतनं तापला, मंग पाइप सुटला."

जुबेर पुढं आला, वाकून त्यानं त्या काळ्या चौकोनांवरून बोट फिरवलं. मग शेजारच्या स्टुलावर बसला. "मावशी, म्या सांगितलं व्हतं," तो म्हणाला. त्यात राग नव्हता.

"सांगितलं व्हतंस, बाबा. म्या ऐकलंबी व्हतं. पर त्या दिशी मला त्यो हौशा वाटला."

सुदर्शननं आडवा झालेला कप उभा केला. मग काम ग्राहकाच्या खर्चानं, असं तो म्हणाला आणि कागद पुढं सरकवला. जानकाबाईनं सावकाश, सगळी अक्षरं जोडून, सही केली. राजरत्न तोवर बाहेर निघून गेला होता.

एसटीत तो पुढच्या सीटवर जाऊन बसला. घोडेगाव मागं पडल्यावर उठून आईशेजारी आला. "गप बसली आसतीस तर काय बिघडलं आसतं?"

"जुबेरचं काम गेलं आसतं."

"आन आपला स्लॅब?"

"त्याचा त्याच्या हातावरनं इस्वास उडत चालला व्हता, राजू. ते मला बगवंना."

त्यानंतर कितीतरी दिवस राजरत्न आईशी कामापुरतंच बोलला. सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं, नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं करून घ्यावी लागली. जानकाबाई बांधावर उभी राहून ते परकं धूड आपल्या मातीत फिरताना पाहायची आणि घरी येऊन रिकाम्या गोठ्यात उगाच झाडू मारायची. पोराचा अबोला तिला झोंबत होता. आपण चुकलो असं तिला वाटत नव्हतं, पण बरोबर वागल्याचं समाधान म्हणतात तेही काही हाती लागत नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर ट्रॅक्टर तयार झाल्याचा फोन आला. जुबेर स्वतः चालवत घेऊन आला आणि शिनोलीच्या फाट्यावर ऋषीच्या चहाच्या टपरीपाशी थांबला. राजरत्न आणि जानकाबाई आधीच येऊन बसले होते. जुबेरला पाहताच राजरत्न उठला. स्वतःच्या बुडाखालची खुर्ची उचलून त्याच्यापुढं ठेवली आणि ऋषीला म्हणाला, "एक स्पेशल."

टपरीवर नेहमीची मंडळी होती. एवढी आयती संधी सोडतील तर ती शिनोलीची माणसं कसली? ऋषीनं चहा गाळता गाळता सुरुवात केली. "काय राव राजू, येवढा शोरूमवाल्यांना वदवून घेणार व्हतास. आन ऐकतोय ते भलतंच. ट्रॅक्टरला म्हनं बैलाची झूल घालून गुदमरवला?" सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "पुढल्या पोळ्याला शिंगं लाव त्याला!" ऋषीनं जानकाबाईकडं मिश्कील पाहिलं. "खरं सांग राजू, तोंड कुणी बांधलं त्याचं? म्हातारीनं ना?"

जानकाबाईनं पदर सावरला. आपण केलं ते आपल्या तोंडानं सांगायचं, हे तिचं ठरलेलं होतं. तिनं तोंड उघडलं, पण त्याआधीच राजरत्न बोलला.

"म्या बांधलं," तो म्हणाला. "झूल घसरत व्हती, म्हून म्याच दोरी आवळली. अक्कल न्हाय मला, दुसरं काय?"

टपरी पुन्हा हसली, या खेपेला राजरत्नवर. तो मान खाली घालून हसणं सोसत राहिला. जुबेरनं बशीतला चहा फुंकला आणि वर पाहिलं नाही. जानकाबाई पोराकडं पाहत होती. खरं बोलायला मंचरपर्यंत गेलेली ती बाई, पण हे खोटं तिनं गप्प बसून, डोळे भरून ऐकून घेतलं.